माशावर तोफ

आमचे घरमालक घरात आगबोट बांधताहेत, असं मी सासूबाईंना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी जरा थांबून विचारलं, "मग तुम्ही राहणार कुठे?" मी पोट धरून हसले. पण पुढे त्या बोटीने आधी खालच्या हॉलमधलं जेवणाचं टेबल घेतलं, मग अख्खा हॉल घेतला आणि शेवटी वासाच्या रूपाने ती माझ्या स्वयंपाकघरात शिरली. तेव्हा कळलं, सोलापुरात बसून सासूबाईंना माझ्यापेक्षा लांबचं दिसत होतं.

घरमालक म्हणजे आमचे चाचा, ते तसे मालक नव्हेत. दोह्यातल्या अबू हमूरमधला तो व्हिला एका कतारी माणसाचा. चाचांनी तो फार वर्षांपूर्वी भाड्याने घेतला आणि वरचा मजला आम्हा नवराबायकोला दिला. खाली ते एकटे, चाची गावी. मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावातले. हमद पोर्टच्या वर्कशॉपमध्ये क्रेनच्या दुरुस्तीवर फोरमन होते. उंची अशी की प्रत्येक दारातून येताना मान तुकवावी लागायची, आणि मान तुकवलीच आहे तर म्हणून ते सलाम करून टाकायचे. आत कोणी नसलं तरी करायचे.

आमचा व्हिला त्यांच्या लेखी बोटच होता. गच्ची म्हणजे डेक, घराची पुढची बाजू म्हणजे नाळ. "सिलिंडर नाळेकडं ठेवलाय" असा निरोप आला की मी स्वयंपाकघराच्या मागे शोधत बसायचे आणि सिलिंडर फाटकाशी उभा असायचा. जिना झाडायच्या पाळ्या लावलेल्या. पाळी चुकली तर चाचा रागवायचे नाहीत, स्वतः झाडू घेऊन आमच्या दारासमोर इतक्या सावकाश झाडायचे की आपलीच मान खाली जावी.

उन्हाळ्यात दोह्यात माणूस गाडीच्या दाराला हात लावतानाही विचार करतो. त्या दिवसांतही चाचांच्या खोलीतला एसी बंद. "माझा आजा आगीसमोर उभा ऱ्हायला, मना पंखा बस झाला," हे त्याचं कारण. हेच गृहस्थ जानेवारीत जरा वारं सुटलं की माकडटोपी घालून फिरायचे, तेव्हा मात्र आजाचा विषय निघायचा नाही. गरम-थंड ते हाताच्या पालथ्या बाजूने ओळखत. एसीच्या बाहेरच्या मशीनला, नवऱ्याच्या गाडीच्या बॉनेटला, माझ्या कुकरला ते असा हात लावून निदान करत. एकदा मी ऑफिसातून तणतणत आले तर माझ्या कपाळाला हात लावून म्हणाले, "ताप नाय. डोकं तापलंय. चहा घे."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "वरची माणसं दर्या बघतात, बोट खालची माणसं चालवतात." आमच्या कंपनीत माझं प्रमोशन दुसऱ्यालाच मिळालं तेव्हाही हेच, आणि पाण्याचा पंप बंद पडला तेव्हाही हेच. प्रत्येक वेळी ते लागू पडायचं, याचाच मला जास्त राग यायचा.

तर, आजा. एका शुक्रवारी खालच्या हॉलमध्ये चहा पिताना त्यांनी आजाची गोष्ट सांगितली. "दुसऱ्या लढाईच्या दिवसांत आजा मुंबईच्या गोदीत काम शोधत व्हता. त्याला बोटीवर घेतला, आगवाला म्हणून. खाली बॉयलरसमोर उभं ऱ्हायचं, कोळसा मारायचा, आग सांभाळायची. ती बोट लढाईसाठी बांधलेली नव्हती. तिचा जन्म देवमासा मारायला. नाळेवर उंच जागी तोफ, तोफेतनं भाला उडायचा नि माशात रुतायचा. लढाई आयली, सरकारनं बोट उचलली, रंग बदलला, भाल्याची तोफ काढून त्याच जागी लढाईची तोफ बसवली आणि पाणबुड्या शोधाया धाडली. देवमासा नि पाणबुडी, दोघांची सवय एकच. खाली दडायचं नि श्वास घ्यायला वर यायचं. म्हणून ती बोट त्यांना पसंत पडली."

"माशाला मारायला तोफ?" मी सहज विचारलं.

चाचांनी कप खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका पडला की मी काय बोलले ते मलाच कळेना.

"तू पण?" ते म्हणाले.

मग त्यांनी उरलेली गोष्ट सांगितली. लढाई संपून आजा गावी परतला आणि त्याने हे सगळं हौसेने चारचौघांत सांगितलं. गावात मासे मारायला जाळं लागतं, फार तर गळ. तोफ म्हटल्यावर लोक खो खो हसले. तेव्हापासून त्या गावात कोणी फेकाफेकी केली की म्हणतात, 'ही तर माशावर तोफ झाली.' आजा गेला, पण म्हण राहिली. ती घराण्यालाच चिकटली. चाचांचे वडील एकदा जमातीच्या बैठकीत नवा धक्का कुठे बांधावा यावर बोलायला उभे राहिले, तर मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "माशावर तोफ." सगळी बैठक हसली. वडील खाली बसले आणि त्यानंतर जमातीत कधी बोलले नाहीत. आता ते खूप थकले होते, काचबिंदूने नजर गेली होती. फोनवर लेकाला एकच विचारायचे, "माझा बाप खोटा नव्हता, हे मी डोळे मिटायच्या आधी कोण बोलेल काय रे?"

मला भयंकर वाईट वाटलं. मी वाईट वाटलं की लगेच काहीतरी करायला धावते, हा माझा स्वभाव. तिथेच मोबाइल काढून शोधलं. तशा बोटींचे जुने फोटो सापडायला वेळ लागला नाही. छोटी, निमुळती बोट, वर उचललेली नाळ, तिच्यावर तोफ आणि सुकाणूच्या खोलीपासून तोफेपर्यंत जाणारा अरुंद पूल.

चाचा फोटोतल्या त्या पुलावर तर्जनी टेकवून बसले. "ह्या पुलावरनं कप्तान धावत तोफेवर जायचा," ते म्हणाले. "आजा बोलायचा. मना वाटायचं, निदान पूल तरी त्यानं मनचा घातला असंल." स्वतःलाही थोडी शंका होती, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कबूल केलं असावं. डोळे पुसायला त्यांनी रुमाल शोधला नाही, तसेच वाहू दिले.

फोटो त्यांनी लगेच गावच्या ग्रुपवर टाकले. तासाभरात उत्तरं आली. 'आता मशीन कसलेपण फोटो बनवते.' 'उद्या घोड्यावर विमान दाखवाल.' आणि खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. कोणीतरी ते वडिलांना वाचूनही दाखवलं. वडिलांनी भिंतीकडे तोंड केलं आणि जेवले नाहीत, असं चाचींनी गावाहून फोनवर सांगितलं.

"खलास," चाचा म्हणाले. "आता हातानं करणार. फोटो खोटा म्हणतील. वस्तू हातात दिल्यावर काय म्हणतील?"

अशी ती बोट सुरू झाली. लांबीला माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराएवढी. लाकूड आणलं कतारच्या उत्तर टोकाच्या शमालकडून, तिथे समुद्राकाठी जुन्या लाकडी बोटी दुरुस्त करणारा एक सुतार त्यांच्या ओळखीचा होता. पत्रा तेलाच्या डब्यांचा. माझ्या घरचा एकही डबा त्यांनी भंगारात जाऊ दिला नाही. ड्यूटीवरून आले, नमाज झाली, जेवण झालं की बसले. गावाहून चाचींचा फोन आला की आमच्या मजल्यापर्यंत ऐकू यायचं, "त्या सवतीला खाली ठेवा नि माझ्याशी बोला."

आम्हाला वाटलं होतं, सुरुवात तोफेपासून होईल. भांडण तोफेचंच होतं ना. चाचांनी सुरुवात केली बॉयलरच्या खोलीपासून. बोटीच्या पोटात त्यांनी भट्टीची तोंडं केली, उघडणारी-मिटणारी. कोळशाचा ढीग केला, तोही खऱ्या कोळशाचा चुरा करून. नखाएवढं फावडं केलं. भिंतीला एक खुंटी, खुंटीला चिंधीचा तुकडा, म्हणजे आजाचा घाम पुसायचा फडका. इतकं बारीक काम मी सोनाराकडेही पाहिलेलं नाही. शेजारी बसून पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटत नसे, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना ही केवढी गोष्ट आहे ते कळेल.

मग एके दिवशी घरात वास सुटला.

कसला, ते सांगणं कठीण. सुकट, जुना खोबरेल आणि औषधाची बाटली एकत्र नासल्यासारखा. मी फ्रिज रिकामा केला, मोरी धुतली, नवऱ्याच्या बुटांवर संशय घेतला. शेवटी वासाच्या मागे मागे जिना उतरले, तर चाचा एका डब्यातून बोळा बुडवून बॉयलरच्या खोलीला आतून काहीतरी चोपडत होते.

"मोरीचं तेल," ते आनंदाने म्हणाले. मोरी म्हणजे शार्क. कोकणातही आणि इथे आखातातही पूर्वी लाकडी बोटींना हे तेल लावत, आणि शमालच्या सुताराने त्यांना डबाभर दिलं होतं.

"चाचा, माझ्या घरात आम्हाला जेवण जात नाही."

"अगो, ती देवमाशाची बोट. तेलानं मुरलेली. रंग बदलला तरी वास कसा जाईल? बॉयलर तापला की फळ्यांतनं बाहेर यायचा. आजाच्या कोटात भरलेला. आजा गावी परतला तेव्हा बाबा लहान. अंगणात उभा ऱ्हायलेल्या माणसाचा वास आला नि बाबा कणगीमागं जाऊन लपला. आजा हाका मारतोय नि हा बाहेर येत नाय. अजून सांगतो ते."

"पण वास मॉडेलला कशाला? दिसणार आहे का तो?"

"तुना वास येतोय. मना आजा दिसतोय," ते म्हणाले आणि बोळा पुन्हा बुडवला.

आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. खिडक्या उघडाव्यात तर बाहेरची आग आत, बंद ठेवाव्यात तर आतला मासा आत. पडद्यांना वास, उशांना वास. ऑफिसात शेजारच्या मुलीने मला विचारलं, "आर यू ऑन सम मेडिसिन?" मी घर बदलायचं म्हणाले, तेव्हा नवरा म्हणाला, "दुसरीकडे वास नसेल, पण चाचाही नसतील." वासाची सवय झाली नाही, ती शेवटपर्यंत झाली नाही, पण मी भांडण मिटवलं. वाटीभर शेंगाचटणी घेऊन खाली गेले. चाचांनी चटणी खाल्ली आणि म्हणाले, "ही आग बरी हाय."

बॉयलरची खोली पूर्ण झाल्यावर त्यांनी तिच्यावर डेकचा पत्रा ठेवला आणि कथलाचा डाग देऊन पक्का बंद केला. एवढं काम कायमचं झाकून टाकलेलं पाहून मला राहवेना. "वर बिजागरीचं झाकण तरी करा. लोकांना दिसेल."

"बोटीला झाकण असतं काय? ही काय मसाल्याचा डबा हाय?" ते म्हणाले. "आजा तिथं उभा व्हता तेव्हा वरच्या कुणाला दिसत व्हता? आतमधी हाय, एवढं पुरे."

तोफ त्यांनी सगळ्यात शेवटी केली, वर्कशॉपच्या भंगारातल्या पितळेची. कातून, घासून, आरशासारखी चकचकीत. नाळेवर बसवली तेव्हा ती लांबूनही आधी नजरेत भरायची. "कशी?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघांनी मनापासून वा वा केली.

पण बोट तरंगली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "नाय तरंगली तर ती बोट नव्हं, शोकेसमधला ताजमहाल." थंडीतल्या एका शुक्रवारी आम्ही तिला चादरीत गुंडाळून शमालच्या पुढे एका उथळ किनाऱ्यावर नेलं. पाणी अगदी निवांत होतं. खरी बोट शेवटी शेवटी ह्याच आखातात गस्तीला आयलेली, असं आजा सांगायचा म्हणे. चाचा विजार दुमडून गुडघाभर पाण्यात गेले, "यल्ला, बिस्मिल्ला" म्हणाले आणि हात काढून घेतले.

बोटीने नाळ पाण्यात खुपसली आणि शेपूट वर केलं. उचलून पुन्हा ठेवली, पुन्हा तेच.

नवरा सिव्हिल इंजिनिअर. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, "तोफ जड झालीय चाचा. मागे पोटात शिशाचा तुकडा बसवा, सरळ होईल. कुणाला कळणारही नाही."

चाचा ओल्या विजारीने वाळूत बसले. बोट मांडीवर. तोफेवरून त्यांनी हाताची पालथी बाजू फिरवली.

"तोफ जड नाय झाली," ते म्हणाले. "तोफ मोठी झाली. फोटोत एवढी मोठी खंय हाय? मना हसणाऱ्यांची तोंडं दिसत व्हती, तसतशी मी वाढवत गेलो. आजा खाली व्हता. त्यानं तोफ धड बघितली पण नसंल. ही मोठी तोफ आजाची नाय, माझी हाय."

"पण लोकांना तोफच बघायचीय ना?" मी म्हणाले. "छोटी केलीत तर म्हणतील, हीच का ती?"

"म्हणू दे. मागं शिसं बांधून पुढचं खोटं सरळ करू काय? मग गाव बोलतो ते खरंच झालं."

घरी येऊन त्यांनी ती तोफ काढली आणि फोटो समोर ठेवून बारीक केली. महिनाभर घासून आणलेली पितळेची चकाकी कानशीच्या चुऱ्यात गेली. वर राखाडी रंग दिला. आता ती बिचारी शोधावी लागायची. पण पुढच्या शुक्रवारी बोट पाण्यावर अशी सरळ उभी राहिली की मी टाळ्या वाजवल्या आणि चाचा पाण्यातच उभे राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडले. आयुष्यात मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली. जिंकायच्या हट्टाने पेटलेला असताना आपल्याच हाताने आपली तोफ कापणारा माणूस एकच पाहिला.

त्यानंतर लवकरच त्यांची नोकरी संपली आणि ते कायमचे गावी निघाले. वडिलांनी अंथरूण धरलं होतं. मी म्हटलं, बोट विमानाने न्या, कार्गोत द्या, उद्या पोचेल. चाचा ऐकायला तयार नाहीत. "आजाची बोट उडत गेली असं गावाला सांगू काय?" त्यांनी ती घरसामानाच्या पेटीत ठेवून हमद पोर्टवरून कंटेनरने पाठवली आणि स्वतः विमानाने जाऊन वडिलांच्या उशाशी बसले.

ते दिवस फार वाईट गेले. मुंबईला पेट्या अडकल्या, कस्टममध्ये थांबल्या. इकडे वडिलांचं अन्न तुटलं. मी रोज फोन करायचे आणि रोज चिडायचे. "चाचा, तुमच्या हट्टापायी ते तसेच जातील." तिकडून आवाज यायचा, "इन्शाल्ला थांबतील. थांबायची सवय हाय त्यांना." पण तो आवाज आता तितकासा ठाम नव्हता. मी फोन ठेवून देवासमोर दिवा लावायचे, शार्कच्या तेलाच्या बोटीसाठी.

बोट आली. मुंबईहून टेम्पोने आली, पण तेही चाचांना खपलं नाही. खाडीच्या पलीकडे टेम्पो थांबवून त्यांनी ती एका होडीत ठेवली आणि गावच्या धक्क्यावर पाण्यातूनच आणली. त्यांच्या पुतण्याने सगळ्याचा व्हिडिओ काढून आम्हाला पाठवला. तो आम्ही त्याच खालच्या हॉलमध्ये बसून पाहिला. हॉल आता रिकामा होता.

व्हिडिओत वडिलांना उचलून पडवीत खुर्चीवर बसवलंय. अंगणात गाव जमलाय. बोट त्यांच्या मांडीवर ठेवलीय. म्हाताऱ्याची बोटं नाळेवरून, पुलावरून, तोफेवरून फिरताहेत. गर्दीतून जमातीचे एक पुढारी वाकून बघतात आणि नाराजीने म्हणतात, "तोफ एवढीशीच?"

कोणी हसलं नाही. मी नवऱ्याकडे पाहिलं. तोफ होती की नव्हती हा गावाचा जुना प्रश्नच त्या माणसाने निकालात काढला होता आणि त्याचं त्यालाही कळलं नव्हतं.

वडिलांचं तिकडे लक्षच नाही. त्यांची बोटं अजून काहीतरी शोधताहेत. "बाबा खंय उभे ऱ्हायचे?" त्यांनी विचारलं.

चाचांनी त्यांचा हात धरून धुरांड्याखाली डेकवर ठेवला. "हितं. आतमधी."

"दाखव."

पत्रा डाग देऊन बंद केलेला, झाकण नाही, बिजागरी नाही. मी नाही का सांगितलं होतं, असं माझ्या तोंडापर्यंत आलं. त्यांनी पुतण्याकडे पेचकस मागितला आणि भर गावासमोर स्वतःच्या हाताने डेक उचकटून काढला. पत्रा वाकडातिकडा होऊन वर आला. रंग उडाला. वडिलांनी आत हात घातला, भट्टीचं तोंड चाचपलं, फावडं चिमटीत धरलं. मग हळूहळू मान खाली घालून चेहरा त्या भगदाडाशी नेला आणि तसेच राहिले.

"बाबा आयले," ते म्हणाले. मग वर न बघताच, लहान मुलासारखं, "मी लपत नाय आता."

व्हिडिओत वास येत नाही. पण तो अबू हमूरच्या त्या हॉलमध्ये आला, भिंतींतून आला की पडद्यांतून, कोण जाणे. नवऱ्यालाही आला असणार, कारण तो सवयीने उठला आणि खिडकी उघडायला गेला.

"राहू दे," मी म्हटलं. "बंदच ठेव."